हाडाला मारलेली गाठ

वारंगा फाट्याच्या अलीकडे हायवेला लागून एक पत्र्याचं शेड आहे. पूर्वी तिथं ट्रॅक्टरचे सुटे भाग मिळत. गेल्या दिवाळीपासून तिथं वज्रास्थी महाराज मिळू लागले आणि दर सोमवारी शेडखाली पाय ठेवायला जागा उरेनाशी झाली. कुणाचा हात गळ्यात बांधलेला, कुणाचा पाय प्लास्टरात, एका म्हाताऱ्याला तर लेकांनी बाजेसकट उचलून आणलेलं. ज्यांचं काहीच मोडलं नव्हतं ते सगळ्यात पुढं बसलेले, कारण चमत्काराची हौस मोडक्या माणसापेक्षा धडधाकटाला जास्त.

महाराजांच्या एका बाजूला धुनी पेटलेली, दुसऱ्या बाजूला लोणच्याची असते तशी काचेची बरणी. बरणीत तीर्थ आणि तीर्थात कोंबडीच्या तंगडीचं एक हाड. कापूर आणि केवड्याचा वास असा की पुढच्या रांगेतल्या बायका पदर नाकाला लावून भक्ती करत होत्या.

"हे हाड कुणाचं?" महाराजांनी विचारलं.

"माझ्या दुकानातलं." दस्तगीर उठला. फाट्यावर त्याचं मटण-चिकनचं दुकान. "मागच्या सोमवारी सगळ्यांच्या म्होरं टाकलं. कानशीनं तीन खाचा मीच पाडल्या."

"खाचा मोज."

दस्तगीरनं हाड हातात घेतलं, खाचांवरून नख फिरवलं. "तीन. माझंच हाय. पन हे तर..." हाड त्याच्या हातात गवारीच्या शेंगेसारखं वाकत होतं.

महाराजांनी ते घेतलं, दोन्ही टोकं धरली आणि सगळ्यांच्या देखत हाडाला गाठ मारली. शेडमध्ये हजार माणसांनी एकदम श्वास आत ओढला.

"हाड म्हणजे काय? हाड म्हणजे अहंकार," महाराज सुरू झाले. "माणूस अकडतो, म्हणून मोडतो. आम्ही अहंकार वितळवतो. अहंकार वितळला की हाड लवतं. लवलेलं हाड आम्ही सरळ करतो, मंत्रानं पुन्हा वज्र करतो. डॉक्टरला सहा आठवडे लागतात, कारण डॉक्टरचा स्वतःचाच अहंकार वितळलेला नसतो. विज्ञान आमच्याकडे येतं, पण बाहेर चपला काढून येतं."

चपलांच्या वाक्याला टाळ्या पडल्या. मग चेल्यानं मागच्या खेपेची गाठ मारलेली हाडं आणली. ती वाळून दगडासारखी झाली होती. महाराजांनी एक हाड पितळी ताटावर आपटलं तर टणकन वाजलं. असली हाडं काळ्या दोऱ्यात ओवून भक्तांच्या गळ्यात पडत. नवीन हाड बरणीत टाकलं की त्यावर बारीक बुडबुडे धरत, आणि महाराज डोळे मिटून म्हणत, "बघा, हाड श्वास घेतंय."

सगळ्यात मागं, खांबाला टेकून, एक माणूस टाळ्या न वाजवता उभा होता. त्याचं लक्ष बुडबुड्यांकडं नव्हतं, गाठीकडं नव्हतं. त्याला फक्त टाळ्या ऐकू येत होत्या, आणि एकेक टाळी त्याच्या काळजावर पडत होती.

हे भाटखेडचे तातेराव. वय बासष्ट. बाप हाडं बसवायचा, तेही चाळीस वर्षं हाडं बसवत आले. बांबूच्या कामट्या, अंड्याचा पांढरा बलक, हळद आणि जुन्या धोतराची पट्टी, एवढा त्यांचा दवाखाना. "तातेरावांच्या हाताला यश हाय," असं आसपासच्या बारा गावांत म्हणत. घरी दहा एकर हळद होती, दोन म्हशी होत्या, पण तातेराव जगत ते या एका वाक्यावर. पुढं कळमनुरीला एक्स-रे आला, ज्याला आमच्याकडं फोटो म्हणतात. तेव्हा ते पहिल्यांदा जळले. "फोटो काढून हाड जुळतं व्हय? लग्नाचा फोटो काढला म्हणून संसार जुळतो का?" असं ते पारावर सांगत आणि लोक हसत. पण हसून झालं की लोक कळमनुरीला जाऊन फोटोच काढत.

यंत्रावर माणूस जळून जळून किती जळणार? महाराजांवर मात्र ते मनापासून जळत होते. आणि त्याला एक खास कारण दुसऱ्याच रांगेत बसलं होतं. त्यांची बायको, मंजुळाबाई.

पंधरा दिवसांपूर्वी गोठ्यात पाय घसरून मंजुळाबाईंचा उजवा हात मनगटाच्या वर मोडला. तातेराव कामट्या घेऊन धावले. हाडवैद्याच्या घरात हाड मोडलं, आता बघा म्हणावं. बाईंनी मोडका हात छातीशी धरला आणि म्हणाल्या, "तुमी हात लावू नका. पुनम, गाडी काढ." सून पुनम जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिनं स्कूटीवर बसवून सासूला कळमनुरीला नेलं आणि तासाभरात पांढऱ्याफटक प्लास्टरासकट परत आणलं. डॉक्टरनं सांगितलं सहा आठवडे. इकडं हळद निघायला आलेली. काढायची, शिजवायची, वाळवायची, आणि घरची बाई हात गळ्यात बांधून बसलेली. सहा आठवडे ऐकून मंजुळाबाईंना महाराज आठवले नसते तरच नवल.

त्या सोमवारी महाराजांनी जाहीर केलं, "येत्या अमावास्येला ज्यांची ज्यांची प्लास्टरं आहेत त्यांनी यावं. सगळी उतरतील. हाड लववून, सरळ करून, वज्र करून देऊ."

अमावास्या दोन आठवड्यांवर होती. मंजुळाबाईंनी डाव्या हातानं मांडीवर टाळी वाजवली.

परतताना ॲपे रिक्षात नवरा-बायको समोरासमोर बसले.

"चाळीस वर्सं गावाची हाडं बसवली," तातेराव म्हणाले, "आन् घरच्या हाडाला परका मानूस लागतो."

"गावाची हाडं बसवली, बराबर. जळबाचा हात बी तुमीच बसवला ना?"

जळबा तातेरावांचा चुलतभाऊ. आठ वर्षांपूर्वी त्याचा हात मोडला, तातेरावांनी बांधला, आणि तो कोपराखाली विळ्यासारखा वाकडा जुळला. तातेराव सांगत, जळबानं पट्टी लवकर सोडली. जळबा काहीच सांगत नसे. आता तो महाराजांचा सगळ्यात मोठा भक्त होता. वाकडा हात महाराज लववून सरळ करणार म्हणून त्यानं गळ्यात गाठीचं हाड घातलं होतं, आणि ते हाड सदऱ्यावर मुद्दाम दिसेल असं ठेवायचा. तातेरावांना वाटायचं, हे हाड नाही, आपल्या नावाची पाटी लटकतेय.

दस्तगीर पुढच्या सीटवरून मागं वळला. "मनाला लावून घेऊ नको तात्या. घर की मुर्गी दाल बराबर. पन हाड माझंच होतं, तेवढं खरं. मी लई बघितलं, अदलाबदल न्हाई."

तिथंच तातेरावांच्या जळण्याला नवं वळण लागलं. अदलाबदल असती तर त्यांनी महाराजाला लबाड म्हणून टाकलं असतं आणि पोटभर जेवले असते. पण हाड खरंच मऊ होत होतं. म्हणजे महाराजाला काहीतरी येत होतं, जे त्यांना येत नव्हतं. त्या दिवशी त्यांच्या मनात आलं ते ऐकून अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांना वाईट वाटेल. त्यांना ढोंग उघडं पाडायचं नव्हतं. त्यांना ती विद्या चोरायची होती.

संधी चालून आली. जळबानं मंजुळाबाईंसाठी तीर्थाची बाटली आणून दिली. रोज प्लास्टरावर शिंपडायचं, म्हणजे आतलं हाड तयारीला लागतं. बाटली भिंतीतल्या देवळीत ठेवलेली होती. दुपारी बाई पडल्या तेव्हा तातेरावांनी ती उचलली, सदऱ्याच्या खिशात टाकली आणि गोठ्यात गेले. चाळीस वर्षांचा हाडवैद्य स्वतःच्या घरात चोरासारखा चालत होता. लाज वाटली, पण हेवा लाजेपेक्षा जोरात असतो.

बाटलीचं बूच ढिलं होतं. खिशात पानाचं सामान, त्यात चुन्याची जुनी डबी, तिचंही झाकण धड लागत नसे. तातेराव म्हशीजवळ खाली बसले आणि खिशातून चर्र आवाज आला. त्यांनी दचकून डबी बाहेर काढली. डबीच्या कडेला वाळलेल्या चुन्याचा जो थर महिनोन्‌महिने बसलेला, तो फसफसत होता. बुडबुडे येत होते, बरणीतल्या हाडावर यायचे तसेच. आणि बघता बघता तो थर विरघळून गेला.

तातेरावांनी डबी उजेडात धरली. मग अजून थोडं तीर्थ ओतलं. पुन्हा फेस.

"पुनम," संध्याकाळी ती शाळेतून आल्या आल्या त्यांनी गाठलं, "चुना श्वास घेतो का गं?"

"काय झालं मामा?"

त्यांनी सगळं सांगितलं. चोरीसुद्धा. पुनमनं बाटलीचा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग तिनं स्वयंपाकघरातून बशीत चिमूटभर हळद आणली, पाण्यात कालवली आणि त्यात चुना टाकला. हळद लालभडक झाली. हिंगोलीच्या पोराला ते नवीन नाही, कुंकू असंच करतात. मग तिनं त्यावर तीर्थाचे चार थेंब टाकले. फेस आला आणि लाल रंग जाऊन बशी पुन्हा पिवळी झाली.

"कुंकवाची परत हळद झाली," तातेराव हळूच म्हणाले.

"हे आम्ल आहे मामा. लिंबाच्या रसाचा मोठा भाऊ. कापूर-केवडा टाकून वास मारलाय. आम्ल चुन्यासारख्या गोष्टी खातं. आणि हाडात तेच असतं, चुन्याच्या जातीचं खनिज. कॅल्शियम."

"म्हंजे मंत्र न्हाई?"

"मंत्र कशाला? दस्तगीरकाकांकडून दोन हाडं आणा आणि चायनीजच्या गाडीवरून व्हिनेगरची बाटली."

पुढचे आठ दिवस तातेरावांच्या गोठ्यात, पेंडीच्या पोत्यामागं, काचेच्या बरणीत हाड भिजत होतं. पुनमनं दोनदा व्हिनेगर बदललं. तातेराव दिवसातून दहादा जाऊन बघत. आठव्या दिवशी हाड वाकलं. नवव्या दिवशी त्यांनी त्याला गाठ मारली आणि पत्र्यावर हळदीशेजारी उन्हात ठेवलं. दोन दिवसांत ते कडक वाजायला लागलं. तातेरावांनी ते लोट्यावर आपटून बघितलं, आणि गेल्या कित्येक महिन्यांत हसले नव्हते तसे हसले.

"मला जमलं," ते सुनेला म्हणाले. "आता बघ. म्या बी सोमवारी बरणी मांडतो. आपल्या वसरीत. बघू लोक कुनाकडं जातात."

पुनमनं सासऱ्याकडं असं बघितलं की वर्गातलं पोरगं असतं तर खाली बसलं असतं.

"मामा, तुमचा राग त्यानं लोकांना फसवलं याचा आहे, का तुमच्या आधी फसवलं याचा?"

पुनमनं ते गाठीचं हाड घेतलं, दस्तगीरकडून आलेलं दुसरं, कशात न भिजवलेलं हाड घेतलं, आणि परसात हळद शिजवायच्या कढईखाली निखारे होते त्यात दोन्ही सरकवली. गाठीचं हाड वेटोळं होऊन तडतडलं, केस जळल्यासारखा वास आला, काळं पडलं आणि काही वेळात चिमूटभर राख उरली. दुसरं आधी काळं झालं, मग हळूहळू पांढरं. आकार तसाच. ते चिमट्यानं बाहेर काढून पुनमनं बोटानं दाबलं तर खडूसारखा भुगा झाला.

"हाडात दोन गोष्टी असतात," ती म्हणाली. "एक चिवट धाग्यांचं जाळं आणि दुसरं त्या जाळ्यात बसलेलं खनिज. आम्लानं खनिज खाल्लं, जाळं उरलं, म्हणून गाठ बसली. वाळलं की जाळं कडक होतं, कातडं वाळल्यासारखं. पण त्यात हाडाचा जोर नाही. आणि विस्तवानं जाळं खाल्लं, खनिज उरलं, म्हणून भुगा झाला. दोन्ही एकत्र असतील तरच हाड."

तातेराव पांढऱ्या भुग्याकडं बघत होते. "म्हंजे कूडच की," ते म्हणाले. "आधी तुराट्या इनायच्या. मग वरून माती लिंपायची. नुसत्या तुराट्या लवतात, नुसती माती ढासळती. दोन्ही मिळून भिंत उभी ऱ्हाती."

पुनम थबकली. "हे मी उद्या वर्गात सांगते," ती म्हणाली. "तसंच आहे. हाड मोडलं की तिथं आधी रक्त साकळतं. मग डोळ्याला न दिसणाऱ्या पेशी येतात. त्या आधी जाळं विणतात. नुसतं मऊ जाळं. मग थांबतात आणि मगच त्यात खनिज भरायला लागतात. काही पेशी तर लिंपता लिंपता आपल्याच भिंतीत अडकतात आणि तिथंच जिवंत राहतात, बारीक बारीक भोकांतून एकमेकींना निरोप देत. नंतर दुसऱ्या पेशी येऊन जास्तीचं तासून काढतात. त्यासाठी डॉक्टर म्हणतो सहा आठवडे, कधी त्याहून जास्त."

"आन् इसाव्या-एकविसाव्या दिवशी?" तातेरावांचा आवाज बदलला होता.

"तेव्हा कूड विणून झालेला असतो. लिंपण ओलं असतं. वरून हाताला गाठ लागते, माणसाला वाटतं जुळलं. पण वजन दिलं की वाकतं."

तातेराव उठले आणि गोठ्यात जाऊन बसले. एकवीस दिवस हा त्यांच्या बापाचा आकडा. एकवीस दिवस, एकवीस दूर्वा, एकवीस मोदक, तसाच. एकविसाव्या दिवशी पट्टी सोडायची, नारळ फोडायचा. जळबाची पट्टी त्यांनीच सोडली होती. तिसऱ्या दिवशी जळबानं तुरीचं पोतं उचललं. आठ वर्षं ते जळबाला दोष देत होते, आणि आठ वर्षं त्यांना आत कुठंतरी ठाऊक होतं. महाराजांवर त्यांचा जीव जळत होता त्यातला अर्धा जाळ हाच होता, की त्यांनी बिघडवलेला हात दुसरा माणूस सरळ करणार.

आणि परवा अमावास्येला मंजुळाबाईंचं प्लास्टर उतरणार होतं. अठ्ठावीस दिवसांचं ओलं लिंपण.

घरात सांगून बघितलं. मंजुळाबाई म्हणाल्या, "तुमी बोलून राहिले ते जळून बोलून राहिले." पुनमनं सांगितलं तर म्हणाल्या, "तुला मामानं फितवलं." बाई ऐकेनात.

अमावास्येला शेडमध्ये नेहमीच्या सोमवारच्या दुप्पट गर्दी. प्लास्टरवाल्यांची रांग वेगळी बसवलेली, सगळ्यात पुढं मंजुळाबाई, मागं गावातल्याच पारुबाई, मग वाकडा हात सरळ करून घ्यायला आलेला जळबा, बाजेवरचा म्हातारा. चेला मोठी कात्री घेऊन बाईंसमोर बसला आणि त्यानं प्लास्टराच्या कडेखाली पातं सरकवलं.

"थांब," तातेराव म्हणाले आणि लोकांना ढकलत पुढं आले. मागं पुनम, शाळेतून अर्धी रजा काढून आलेली.

महाराजांनी त्यांना ओळखलं. महाराज गिऱ्हाईक ओळखण्यात हुशार. "या, या. हाडवैद्य आले. भक्तहो, हा म्हातारा आमच्यावर जळतो. ह्याच्या हातात कुणी हात देत नाही, म्हणून ह्याच्या पोटात दुखतं."

सगळं शेड हसलं. मंजुळाबाईंनी मान खाली घातली.

"व्हय," तातेराव म्हणाले. "जळतो. काहून जळू नये? माझी बायको मला मोडल्या हाताला शिवू देत न्हाई, आन् तुमच्या म्होरं हात पुढं करून बसती. महिनाभर मला घास गोड लागला न्हाई. पन मी जळतो म्हणून तुमचं तीर्थ खरं होत न्हाई. मी लबाड असंन, हाड लबाड न्हाई. जाळायचंच तर हाड जाळून बघू. धुनी तुमचीच हाय."

"पवित्र हाड अग्नीत? महापाप," महाराज घाईनं म्हणाले.

ही घाई जळबाला खटकली असेल, नाहीतर त्याला आपल्या भक्तीचा जोर दाखवायचा असेल. तो उठला, गळ्यातला काळा दोरा तोडला आणि वाकड्या हातानं गाठीचं हाड वर धरलं. "काहून पाप? महाराज, तुमीच म्हणाले वज्र हाय. वज्राला आगीची कसली तकलीफ? ह्या म्हाताऱ्याचं तोंड एकदाचं बंद होऊ द्या." आणि त्यानं ते धुनीत टाकलं.

दस्तगीरनं दुकानातून आणलेलं साधं हाड त्याच्या शेजारी ठेवलं.

गाठ तडतडली, वळवळली. केस जळल्याचा वास कापराला न जुमानता शेडभर पसरला. जळबा वाकून बघत होता. वज्र काळं पडलं, चुरगळलं, संपलं. शेजारचं कोंबडीचं गरीब हाड काळ्याचं पांढरं होत तसंच पडून होतं. दस्तगीरनं चिमट्यानं उचलून सगळ्यांना फिरवून दाखवलं.

मग पुनमनं बरणीतलं तीर्थ कपात घेतलं आणि वाळलेल्या चुन्यावर ओतून फेस दाखवला. कसला श्वास, कशाचा अहंकार, ते तिनं चार वाक्यांत सांगितलं. तातेरावांनी कूड सांगितला. तो पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना कळला, कारण त्यातल्या निम्म्यांनी तो आपल्या हातानं लिंपला होता.

"आन् हे तीर्थ आतल्या हाडापर्यंत जात बी न्हाई," तातेराव म्हणाले. "जाईल ते कातडीपर्यंत, अन् कातडी भाजंल. हाड मऊ हाय ते तीर्थानं न्हाई. लिंपण ओलं हाय म्हणून. आज प्लास्टर काढलं तर मंजुळेचा हात बी ह्या जळबासारखा व्हईल."

त्यांनी जळबाकडं बघितलं. पुढचं वाक्य त्यांना फार जड गेलं.

"जळबाचा हात मी वाकडा केला. पट्टी त्यानं सोडली न्हवती. मी सोडली, एकविसाव्या दिवशी, नारळ फोडून. आठ वर्सं मी खोटं बोललो. हा महाराज आज जे करून राहिला, तेच मी तवा केलं."

महाराज म्हणाले की आज ग्रह अनुकूल नाहीत, आणि बरणी तशीच टाकून मागच्या गाडीकडं निघाले. पुनमनं बरणी उचलली. ती पोलीस ठाण्यात लागणार होती.

आता गोष्ट इथं संपायला हवी, पण लोक लोकच असतात. पारुबाई उठल्या आणि तातेरावांच्या पाया पडल्या. "महाराजाला पळवला, म्हंजे तुमची ताकद त्याच्या वरची," त्या म्हणाल्या. "तुमीच हात लावा." मागून आणखी दोघं आले. बाजेवरच्या म्हाताऱ्याच्या लेकांनी बाज उचलून तातेरावांपुढं आणून ठेवली. कुणीतरी महाराजांच्या गादीवर हात फिरवून ती नीट केली आणि म्हणालं, "बसा."

तातेरावांनी गादीकडं बघितलं. ज्या टाळ्यांसाठी महिनाभर झोप उडाली होती त्या टाळ्या त्यांच्यासाठी वाजायच्या होत्या. खोटं कशाला सांगा, त्यांना बसावंसं वाटलं. मंजुळाबाई प्लास्टरातला हात छातीशी धरून त्यांच्याकडंच बघत होत्या.

"म्या सांगितलं त्यातलं काय कळलं तुमाला?" तातेराव पारुबाईंना म्हणाले. त्यांचा आवाज रागीट होता, पण राग बाईंवर नव्हता. "हाड मी जुळवत न्हाई. महाराज जुळवत न्हाई. डाक्टर बी न्हाई. डाक्टर फोटो काढून सरळ लावतो, हलू देत न्हाई, बस."

"मग चाळीस वर्सं एवढ्या लोकांची हाडं कुनी जुळवली?" हा प्रश्न मंजुळाबाईंचा.

तातेराव बायकोकडं वळले. त्यांनी आयुष्यभर कमावलेलं एकच वाक्य होतं, आणि ते आता एवढ्या मोठ्या गर्दीपुढं त्यांनाच मोडायचं होतं.

"ज्याची त्यानं," ते म्हणाले. "माझ्या हाताला यश न्हवतं. त्यांच्या हाडाला व्हतं. मी कामट्या बांधल्या. बराबर बांधल्या तिथं बराबर बसलं, चुकलो तिथं चुकलं. म्हणून सांगतो, कुनी तुमच्या हाडावर हक्क सांगायला आला, मग तो महाराज असो का मी, त्याला इचारा, कसं करतो ते दाखव. आपल्या हातानं करून बघा. जाळून बघा. जो दाखवायला भितो, त्याच्या हातात हात देऊ नका."

बाज उचलून लेकांनी बाहेर ॲपेत ठेवली, कळमनुरीच्या बाजूला तोंड करून. मंजुळाबाईंनी कात्रीवाल्या चेल्याची जागा ओलांडली आणि येऊन नवऱ्याशेजारी उभ्या राहिल्या.

जळबा मात्र धुनीपाशीच बसून होता. काळ्या राखेकडं बघून झालं, तेव्हा तो उठला आणि तातेरावांजवळ आला.

"हा हात सरळ व्हतो का आता?"

"माझ्यानं न्हाई. तीर्थानं बी न्हाई. डाक्टर म्हणंल तर परत कापून बसवावं लागंल. व्हईल का न्हाई ते फोटो बघून सांगतील."

जळबानं वाकडा हात दुसऱ्या हातात धरला. "मग फोटो काढायला संगं येता का?"

"येतो," तातेराव म्हणाले, आणि दोघं रस्त्याकडं चालू लागले.